टाकी म्हणून आलेली होडी

अण्णा,

तुमच्या दहाव्याला पिंड पाण्यात सोडले आणि मासे आले. राजघाटाच्या पायऱ्यांशी एवढे मासे मी आजवर पाहिले नव्हते. गुरुजी म्हणाले, पुण्यवान जीव होता. मिलिंदने डोळे पुसले. मला मात्र वाटलं, हे सगळे तुमच्या ओळखीचेच आहेत, आणि आत गळ नाही ना याची खात्री करून मगच तोंड लावताहेत. मला हसू आलं. आईंना शेजारच्या काकूंच्या स्वाधीन करून मी हट्टाने घाटावर आले होते, आणि सासऱ्याच्या दहाव्याला सून हसली ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "हसू दे ना बेटा, काय जातंय त्यांचं."

आता कामाचं सांगते. रविवारी भंगारवाला येणार होता. वरच्या गॅलरीतली तुमची होडी, ती कयाक, करवतीने मधोमध कापायची आणि दोन तुकडे जिन्यावरून खाली न्यायचे, असं मिलिंदने ठरवलं होतं. इंदूरला नोकरीवर परत जाताना मला सांगून गेला. तो वाईट मुलगा नाही, वाईट नवराही नाही, तुम्हाला माहीत आहे. त्याचं म्हणणं एवढंच की ती अख्खी बाहेर काढायची तर ग्रिल कापावं लागेल, आणि ग्रिल आईंसाठी आहे. म्हणजे एक काहीतरी कापलं जाणार, होडी नाहीतर ग्रिल. रविवारपर्यंत मी काय ते बोलायचं होतं. हे तुम्हालाच विचारायला हवं होतं, पण ऐनवेळी उत्तर न देता उठून जायची तुमची सवय शेवटपर्यंत गेली नाही.

तुमचं ते मासे धरणं. घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद, आणि त्या घरातले भूगोलाचे निवृत्त शिक्षक तापीवर गळ टाकून बसतात, हे लग्न होऊन आल्यावर कितीतरी दिवस मला कळलंच नव्हतं. आई दर अमावास्येला आणि एकादशीला माशांसाठी कणीक मळायच्या. माशांना गोळ्या घालणं पुण्याचं. तुम्ही तो डबा पिशवीत ठेवायचात आणि पुण्य करायला निघायचात. पिशवीच्या तळाशी गमछ्यात गुंडाळलेलं रीळ असायचं. मासा धरायचा, डोळे भरून बघायचा, चिमटीने गळ काढायचा आणि परत सोडायचा. एकदा मला बरोबर नेलंत आणि तळहाताएवढा रोहू दाखवलात. म्हणालात, "घरी बोलू नको. ती पाप समजते." आणि मग नेहमीचं कौतुक सुरू झालं: "आपल्याकडचा गहू पाहा. गोळी गळावर अशी बसते की सुटत नाही. बाकीच्यांची पाण्यात टाकली की विरघळली." खरंच, काठावरचे लोक तुमच्याकडे गोळ्या मागायला यायचे.

काठावरचे लोक हीच तुमची अडचण होती. अर्ध्या बुऱ्हाणपूरला तुम्ही शिकवलेलं. जरा बसलात की कोणीतरी पाया पडणार आणि विचारणार, "सर, मच्छी पकडून राहिले का?" मोठे मासे मधल्या डोहात आणि तुम्ही काठावर तोंड लपवत. म्हणून होडी हवी होती. कोळ्याचा डोंगा नको, एकट्याला वल्हवता येईल अशी हलकी, प्लास्टिकची, मासेमारीची कयाक. फोनवर तिचे व्हिडिओ तुम्ही मला स्वयंपाकघरात आणून दाखवायचात, आवाज बंद करून.

ती निवडायला आपण मुंबईला गेलो ते डोळे दाखवायच्या निमित्ताने. आईंनी दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. ठाण्याच्या पलीकडचं ते गोदाम, आणि जमिनीवर ओळीने मांडलेल्या होड्या. तुम्ही प्रत्येकीत बसण्याआधी चपला काढल्यात. माठ वाजवून घेतात तशी एकेक होडी बोटांनी ठोकून पाहिलीत, कान लावून. विकणारा माणूस केशरी आणि पिवळी पुढे करत होता, लांबून दिसते म्हणून. तुम्हाला नेमकं लांबून दिसायचं नव्हतं. तुम्ही काळी घेतलीत.

आणि दोन सीटची. माझं तिथेच डोकं फिरलं. मी म्हणाले, "अण्णा, एकाची घ्या. दुसऱ्या सीटवर मी बसणार नाही, आधीच सांगते. मला पोहता येत नाही." तुम्ही म्हणालात, "बघू." त्या माणसाने दोघांची वजनं विचारली, किती भार पेलेल ते बघायला. तुम्ही स्वतःचं सांगितलंत. "और दूसरे का?" तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "पैंतालीस." तो माणूस माझ्याकडे बघून हसला. परतताना मी तुम्हाला सुनावलं, की पंचेचाळीस किलो मी दहावीत होते. तुम्ही दशमी खात होतात. "लिहू दे ना," एवढंच म्हणालात.

दुसऱ्या सीटवरून आपलं पुढे किती वर्षं वाजलं. तुम्ही ती माझ्यासाठी घेतली आणि मला गुंतवलं, अशी माझी पक्की समजूत होती. घर माझ्या डोक्यावर, स्वयंपाक माझ्या डोक्यावर, आता वल्हंही माझ्याच हातात. मी तसं म्हटलं की तुम्ही "बघू" म्हणायचात आणि पेपर उघडायचात.

पण आणतानाचा प्रवास मात्र झकास झाला. जसोंडीचा गजानन, तुमचा विद्यार्थी, केळी घेऊन मुंबईच्या बाजारात आलेला. म्हणाला, "सर, गाडी वापस खालीच येते. टाकून घेऊ मांगं. टेन्शन कायले घेता?" केळीच्या सुक्या पानांची गादी केली, वर होडी, तिच्यावर पुन्हा पानं. मी म्हणत होते रेल्वेने जाऊ. तुम्हाला होडीला एकटं सोडायचं नव्हतं. मग आपण तिघं केबिनमध्ये, आणि दर चहाला तुम्ही मागे जाऊन दोरी तपासताय, जणू आत नवरी झोपली आहे.

इच्छापूरला राज्याच्या हद्दीवर गाडी अडवली. शिपायाने पानं बाजूला केली. "ये क्या है?" गजानन जराही अडखळला नाही. "टंकी है साब, पानी की." "इतनी लंबी?" "नया मॉडल है." शिपायाने काळ्या प्लास्टिकवर टिचकी मारली, त्याला पटलं. गाडी सुटली. तुम्ही केबिनमधूनच इच्छादेवीला हात जोडलेत आणि थोड्या वेळाने म्हणालात, "गजू, हेच घरी सांगू." खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करणारे तुम्ही.

आई पिठाचे हात घेऊन दारात आल्या. "काय आणून राहिले हे?"

"टाकी."

"आडवी?"

"आडवीच बरी. वाऱ्याने पडत नाही."

"आन टाकीले बसायचे खड्डे कायले?"

"बादल्या ठेवायला."

आईंनी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गटारीकडे पाहत राहिले. "बरं," आई म्हणाल्या. "मग वर चढवा." टाकी म्हटल्यावर ती वरच जाणार, हे आपल्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. जिना वळणाचा, तिथून ती जाईना. शेवटी गल्लीतल्या माणसांनी दोऱ्या लावून गॅलरीच्या कठड्यावरून आत ओढली. तुम्ही खाली उभं राहून सूचना देत होतात आणि तुमचा चेहरा बघवत नव्हता. नदी एका बाजूला, होडी दुसऱ्या, आणि तीही मजल्यावर. आई खकनारला बहिणीकडे गेल्या की गुपचूप उतरवू, असं आपण ठरवलं. तोवर आईंनी तिच्यावर कुरडया वाळत घातल्या, आणि पुढच्या सीटच्या खड्ड्यात मिरच्या.

खकनारला जाणं झालंच नाही. आई विसरायला लागल्या. आधी मिठाचा डबा, मग दिवस, मग मिलिंदचं लग्न झालंय हे. आणि एका सकाळी भाजीवाल्याला हाक मारत त्यांनी गॅलरीच्या कठड्यावरून पाय बाहेर टाकला. त्यांना वाटलं आपण अंगणातच आहोत. तुम्ही दंड धरून ओढलंत. त्या दिवशी चहाचा कपही मीच तुमच्या तोंडाशी धरला.

ग्रिल बसवणाऱ्याला तुम्हीच बोलावलंत. तो शेवटचे गज जोडत होता तेव्हा मी म्हणाले, "अण्णा, होडी आत राहिली. ही आता निघणार कशी?" तुम्ही ठिणग्यांकडे बघत होतात. म्हणालात, "आधी तुझी सासू आत राहू दे." वेल्डरला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्याने विचारलं, टाकी भरायचा पाइप कुठून घेणार.

त्यानंतरची वर्षं मला एकच मोठा दिवस वाटतात. पुढच्या दाराला कुलूप, मागच्या दाराला कुलूप, वर ग्रिल, किल्ल्या माझ्या कमरेला. मी शाळेतली नोकरी सोडली. भुसावळ, माझं माहेर, तासा-दीड तासावर, आणि मी लग्नामुंजीला जायचे ती सुद्धा दिवेलागणीला परत यायला. तुम्ही चिडवायचात, "तापी इथून तुझ्या माहेरीच जाते. तुला गाडी लागते, तिला नाही लागत." तेव्हा रागच यायचा. नदीला काय, तिला कोणी हाका मारत नाही. तुम्हीही घाट सोडलात. दुपारी आई झोपल्या की आपण जिन्यावर बसायचो. एकदा तुम्ही विचारलंत, "आपण दोघं जेलर का कैदी, बेटा?" मी म्हटलं, ड्युटी बदलते तसं. तुम्ही एवढं हसलात की आई उठल्या.

तुम्ही होडीत बसून पेपर वाचायचात. मागच्या सीटवर, पाय लांब करून, ग्रिलमधून समोरच्या भिंतीकडे तोंड. एकदा मी चहा घेऊन वर आले तर पुढच्या सीटवर आई बसलेल्या. मांडीत मेथीची जुडी, शांतपणे पानं खुडत. तुम्ही मागे, पेपर खाली ठेवून, नुसते बसलेले. मी म्हणाले, "आई, पाय घसरेल, उतरा." तुम्ही मला हातानेच थांबवलंत. मला वाटलं तुम्हाला चहा नकोय. मी कप घेऊन खाली गेले.

आपलं शेवटचं भांडणही त्या होडीवरूनच. तुम्ही म्हणालात, ग्रिलला दार करून घेऊ, कुलुपाचं. मी म्हणाले, "दार आलं की कुलूप आलं, किल्ली आली, आणि ती किल्ली माझ्याच कमरेला. मला आणखी एक दार राखायचं नाही." तुम्ही पेपर उघडलात. मी चुकले असं मला अजूनही वाटत नाही. पण तुम्ही दुसऱ्या दिवशी काहीतरी बोलाल, मी उलट बोलेन, असं धरून चालले होते. आपली भांडणं नेहमी दुसऱ्या दिवशी पुरी व्हायची. तो दुसरा दिवस तुम्ही मला दिला नाहीत, याचा मला फार राग आहे अण्णा. रडू येतं त्यापेक्षा राग जास्त येतो.

आईंना आम्ही सांगितलं, नाही असं नाही. त्यांच्या लक्षात राहत नाही. दुपार झाली की विचारतात, "हे घाटावरून आले नाही का अजून?" मी म्हणते, येतील. जेवण तुटलंय त्यांचं. मिलिंद इंदूरला जायच्या आधी आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. काट्यावर उभं केलं, वजन फार उतरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, आधी किती असायचं? मिलिंद म्हणाला, "पंचेचाळीस. कायम. अण्णा चिडवायचे, लग्नात होती तेवढीच आहे म्हणून."

मी दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. मिलिंद विचारत होता, चक्कर येतेय का. मला ते गोदाम दिसत होतं, आणि छताकडे बघणारे तुम्ही. एवढी वर्षं मी तुमच्याशी ज्या सीटसाठी भांडले ती माझी नव्हतीच. सांगायचं ना तसं. पण सांगणार कसे? जिला मासे धरणं पाप वाटतं, तिला समोर बसवून डोहावर न्यायचं तुमच्या मनात, आणि तिला ती टाकी आहे म्हणून सांगून बसलेले. मग सुनेची बोलणी खाल्लेली परवडली. मला तुमचा राग आला, आणि तुमची इतकी माया वाटली की रिक्षात मी आईंचा हात सोडला नाही.

हे एवढंच असतं तर मी रविवारी भंगारवाल्याला घरात घेतलंही असतं. जिच्यासाठी घेतली तिला आता काही कळत नाही, मग ठेवून काय करायची, असं म्हटलं असतं. पण काल अमावास्या होती.

काल सकाळी आई आपण होऊन स्वयंपाकघरात आल्या. मला हल्ली "बाई" म्हणतात, नाव आठवत नाही. म्हणाल्या, "बाई, परात दे. माशांची कणीक राहिली." मी परात दिली, पीठ दिलं. जरा करमणूक होईल म्हणून. अण्णा, त्यांच्या हातांना सगळं ठाऊक आहे. पाणी बेताने, चिमूटभर हळद, तेलाचं बोट. मग उठल्या, देवघरात गेल्या, आणि वातींच्या डब्यातून कापूस घेऊन आल्या. तो बोटांनी पिंजला, कोळ्याच्या जाळ्याइतका विरळ केला आणि कणकेत मळायला लागल्या.

मी म्हणाले, "आई, कापूस पडला त्यात."

नव्या सुनेला झापावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पडला नाही, घातला. कापूस नसला तर गोळी गळावर ठरत नाही. मग हे हात हलवत येतात घरी, आन दिवसभर तोंड पाडून बसतात."

मी तेलाची वाटी त्यांच्याजवळ सरकवली.

थोडं मळून झाल्यावर त्यांनी आवाज उतरवला. "सांगू नको बरं त्यांना. त्यांना वाटते मला माहीत नाही."

गहू नव्हता तो, अण्णा. त्या गव्हाची तुम्ही जन्मभर सगळ्या घाटाला स्तुती ऐकवलीत. दर एकादशीला, दर अमावास्येला, आईंनी देवाच्या वातीतला कापूस काढून तुमच्या गळाची सोय केली होती. पाप त्यांना वाटत होतंच, तेवढ्या वाती त्या त्या दिवशी जास्त लावायच्या. ते मी पाहिलं होतं, कारण कळलं नव्हतं. टाकीला "बरं" म्हणाल्या तेव्हा त्यांना ती टाकी वाटली नसणार, हे आता तुम्हीही समजून घ्या. त्यांनी सांगू नको म्हटलं तरी मी सांगतेय. तुमच्यापासून ही गोष्ट लपवायची माझी ताकद नाही.

गोळ्या घेऊन मी घाटावर गेले. आई बरोबर होत्या, काकूंनी दुसरा हात धरला होता. गोळ्या पाण्यात टाकल्या त्या खरंच विरघळल्या नाहीत. मासे त्या ओढत खाली घेऊन गेले. आई पायरीवर बसून मधल्या डोहाकडे पाहत होत्या. खूप वेळ उठल्याच नाहीत.

घरी येऊन मिलिंदला फोन केला. भंगारवाल्याला नाही म्हणून सांग म्हटलं. तो काही बोलायच्या आत हेही सांगितलं की वेल्डर येतोय, ग्रिलला दार करायचंय, गॅलरीच्या पूर्ण रुंदीचं, कुलुपाचं. तो म्हणाला, "किल्ली कोणाकडे?" मी म्हटलं, माझ्याकडे, आणखी कोणाकडे. गजाननला निरोप धाडलाय. म्हणाला, "ताई, पानं घेऊन येतो. ह्या बारीले टाकी नाही म्हणायचं." पावसाचं पाणी उतरलं की होडी तापीत, काठाकाठाने, दोरी बांधून, तरंगायचं जॅकेट घालून. मला अजूनही पोहता येत नाही. पुढच्या सीटवर त्यांना बसवता येईल का, डॉक्टर काय म्हणतील, मिलिंद काय म्हणेल, बघू.

वेल्डर आत्ता खाली येऊन माप विचारतोय, आणि आई वर होडीशेजारी उभ्या राहून पुढच्या सीटमधल्या जुन्या मिरच्यांच्या बिया पदराने पुसून काढताहेत. त्यांना कोणी सांगितलं नाही. अण्णा, तुम्ही एकदा विचारायला हवं होतं. त्या "बरं" म्हणाल्या असत्या.